नळीतला पीळ आणि मराठवाड्यातला नेम

लक्ष्यावर नेम धरण्याचा छंद ज्याला लागतो त्याच्यापुढे लवकरच दोन प्रश्न उभे राहतात. काडतूस कोणते घ्यावे आणि रायफलच्या नळीला पीळ किती असावा? शिकार करायची नाही, पदक मिळवायचे नाही. मेजावर वाळूच्या पिशव्या मांडायच्या, त्यांवर रायफल स्थिर टेकवायची आणि शंभर पावलांवरच्या कागदात पाच गोळ्या एकाच भोकात बसतात का ते पाहायचे, एवढीच ज्याची हौस आहे त्यालाही हे प्रश्न चुकत नाहीत. इंग्लंड-अमेरिकेत या प्रश्नांची उत्तरे नेमबाज आणि बंदूक घडवणारा कारागीर यांनी दीडशे वर्षे घासाघीस करून काढली. आपल्याकडे, नांदेड-अर्धापूर-लातूरच्या पट्ट्यात, प्रश्न तेच होते, पण त्यांचे उत्तर नेमबाजाला विचारून कधी ठरले नाही. कोणाच्या हाती कोणते काडतूस असावे, इतकेच नव्हे तर नळीत पीळ असावा की नसावा, हे राज्यकर्त्याच्या भीतीने ठरवले. या भीतीतून जे छोटे काडतूस सामान्य माणसासाठी शिल्लक राहिले, त्याच्यावरच पुढे महाराष्ट्राची नेमबाजी उभी राहिली. एकाच इतिहासाच्या या दोन बाजू आहेत आणि पहिली सोडून दुसरी कळत नाही.

आधी पिळाचे गणित पाहू. रायफलच्या नळीला आतून मळसूत्री खाचा असतात. गोळी त्यांत धरली जाते आणि स्वतःभोवती फिरतच बाहेर पडते. फिरणारा भोवरा जसा उभा राहतो, तशी फिरणारी गोळी टोक पुढे ठेवून जाते. फिरकी कमी पडली की ती डळमळते आणि शेवटी आडवी होऊन कागदाला लांबट भोक पाडते. एक पूर्ण फेरा व्हायला नळीची किती लांबी लागते, त्यावरून पीळ मोजतात. सोळा इंचांत एक फेरा म्हणजे सोळाचा पीळ. आकडा जितका लहान तितकी फिरकी जास्त. वूलिचच्या लष्करी विद्यालयात गणित शिकवणाऱ्या जॉर्ज ग्रीनहिल यांनी 1879 मध्ये याचा सोपा हिशेब बसवला. आज तो असा वापरतात : गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, 150 ने गुणा आणि गोळीच्या लांबीने भागा. या सूत्रात गोळीचे वजन येत नाही, बंदुकीचे नाव येत नाही आणि नेमबाजाची आवडही येत नाही. लांब गोळीला जास्त फिरकी लागते, आखूड गोळीला कमी. म्हणजे निवडीचा क्रम पक्का आहे. आधी काडतूस, त्यातून गोळी, गोळीतून पीळ. ज्याच्या हाती काडतुसाची निवड, त्याच्याच हाती पिळाची.

मराठवाड्याला बंदूक नवी नाही. नांदेडच्या तख्त सचखंड हुजूर साहिबमध्ये गुरू गोविंदसिंगांची शस्त्रे जपलेली आहेत आणि तलवारी, धनुष्य, बाण, ढाल यांच्या जोडीला त्यांत तोड्याची बंदूकही आहे. गुरू 1708 मध्ये नांदेडला निवर्तले. म्हणजे अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावर थोर योद्ध्याच्या शस्त्रांत बंदुकीचे स्थान ठरून गेलेले होते. पुढे 1760 च्या फेब्रुवारीत उदगीरला निजामाची फौज सदाशिवरावभाऊंच्या फौजेपुढे हटली, त्यात इब्राहिमखान गारदी याच्या कवायती पायदळाचा आणि तोफखान्याचा वाटा मोठा होता. गारद्यांच्या हातची चकमकीची बंदूक आणि देशी शिपायाची तोड्याची बंदूक, दोन्हींच्या नळ्या बहुधा आतून गुळगुळीतच असत. देशी बंदुकीची नळी लांब, तिची भिंत जाड, आणि गोळी चिंधीत लपेटून घट्ट ठासली तर तिचा पल्ला इंग्रज कंपनीच्या बंदुकीला मागे टाकी. पण गोळी फिरत नसल्यामुळे शंभर यार्डांपलीकडे एकट्या माणसावर नेम धरणे दैवाधीन असे. गारद्यांचे बळ नेमात नव्हते, एका हुकमाने एकदम झडणाऱ्या फैरीत होते. म्हणूनच पीळदार नळीची उणीव तेव्हा कोणाला जाणवली नाही. पीळ माहीत नव्हता असे मात्र नाही. युरोपात तो कैक पिढ्या वापरात होता. अडचण भरण्याची होती. खाचांत घट्ट बसेल अशी गोळी तोंडाकडून ठोकत ठोकत खाली नेईपर्यंत गुळगुळीत नळीचा शिपाई दोन-तीन बार काढून मोकळा होई.

ही अडचण सुटली आणि हिंदुस्थानचा इतिहास बदलला. 1853 सालच्या एन्फिल्ड रायफलची गोळी नळीपेक्षा किंचित बारीक होती. ती सहज खाली सरके आणि बार उडताच तिचा पोकळ बुंधा फुगून खाचांत बसे. नळीचा व्यास .577 इंच, खाचा तीन, पीळ 78 इंचांत एक फेरा. 39 इंचांच्या नळीत गोळी जेमतेम अर्धा फेरा घेई. काळ्या दारूची काजळी खाचांत साचू नये आणि गोळी अडकू नये म्हणून कागदी काडतुसाच्या गोळीकडच्या टोकाला वंगण लावलेले असे. 1857 च्या काडतुसाची गोष्ट आपण चरबीपासून सुरू करतो आणि ते योग्यच आहे, कारण शिपायाचा धर्म तिथे दुखावला. पण चरबी काडतुसावर आली ती पिळामुळे. गुळगुळीत नळीच्या जुन्या काडतुसाला या वंगणाची गरजच नव्हती. धर्म, नोकरी आणि विश्वास यांचा तो सगळा कल्लोळ दोन मीटरला एक फेरा घेणाऱ्या तीन उथळ खाचांपाशी येऊन पोचतो.

त्यानंतर जे घडले त्याच्याकडे आपल्या इतिहासकारांचे लक्ष कमी गेले आहे. बंड मोडल्यावर इंग्रजांनी देशी पलटणींसाठी 1858 साली एन्फिल्डचा वेगळा नमुना काढला. बाहेरून तीच बंदूक, तोच दस्ता, तोच घोडा. नळी मात्र आतून .656 इंचांपर्यंत कोरून मोठी आणि गुळगुळीत केलेली. अंतरानुसार वरखाली होणारी मागची शिडीही काढून टाकली, तिच्या जागी साधी ठोकळ्याची खाच बसवली. गोऱ्या शिपायाच्या नळीत पीळ राहिला आणि बहुतेक देशी पलटणींच्या नळीतून तो खरवडून काढला गेला. अर्धापूरवरून जो रस्ता पुढे जातो त्यावर हिंगोलीला निजामाच्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालच्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. औरंगाबादला 1857 च्या जूनमध्ये कंटिंजंटच्या घोडदळात उठाव झाला. तरी कंटिंजंटचा मोठा भाग इंग्रजांबरोबर राहिला आणि इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या मोहिमेत मध्य हिंदुस्थानात लढला. निष्ठा दाखवूनही देशी शिपायाकडे पाहण्याची सरकारची नजर निवळली नाही. पुढे प्रत्येक नवी रायफल आधी गोऱ्या पलटणीला आणि ती जुनी झाली की देशी पलटणीला, असा क्रम पडून गेला. देशी पलटणींना मार्टिनी-हेन्री रायफल सर्रास मिळू लागली तेव्हा गोऱ्या शिपायाच्या खांद्यावर .303 ची ली-मेटफर्ड आली होती.

याच काळात इंग्लंडात काय चालले होते ते शेजारी ठेवून पाहावे. 1859 मध्ये तिथे राष्ट्रीय रायफल संघ स्थापन झाला. 2 जुलै 1860 रोजी विंबल्डनच्या मैदानावर व्हिक्टोरिया राणीने त्याच्या पहिल्या स्पर्धेचा पहिला बार काढला. जोसेफ व्हिटवर्थ यांनी आपली रायफल लोखंडी टेकूवर आधीच रोखून ठेवली होती, राणीने फक्त दोरी ओढली, आणि 400 यार्डांवरच्या लक्ष्याच्या मध्यापासून दीड इंचाच्या आत गोळी बसली. टेकूवर ठेवून नेमबाजी करण्याच्या प्रकाराचा हा पूर्वजच म्हणायला हवा, कारण माणसाचा हात बाजूला काढून नळी आणि गोळी यांचीच परीक्षा घ्यायची कल्पना त्यात स्पष्ट आहे. व्हिटवर्थच्या षट्कोनी नळीचा पीळ वीस इंचांचा, म्हणजे एन्फिल्डच्या जवळपास चौपट फिरकी. लांब अंतरावर ती एन्फिल्डला सहज मागे टाकी, हे 1857 मध्येच हाइथच्या चाचण्यांत सिद्ध झाले होते. एकीकडे नागरिकाला पीळ किती असावा याचा खेळ करायला राजाश्रय, दुसरीकडे शिपायाच्या नळीतला पीळ कोरून टाकायचा सरकारी हुकूम, आणि दोन्ही एकाच राज्यात, दोन वर्षांच्या अंतरात. आपल्याकडे लक्ष्यवेधाची परंपरा का रुजली नाही याचे उत्तर लोकांच्या स्वभावात शोधणाऱ्यांनी ही दोन वर्षे नीट वाचावीत.

1878 चा शस्त्र कायदा आला आणि परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरले. 1887 पासून काँग्रेस त्याविरुद्ध ठराव करू लागली. काडतुसे मात्र इथेच बनत होती. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा, आणि त्याच्या काडतुसांच्या बुडावरची केएफ ही अक्षरे पुढे साम्राज्याच्या अनेक आघाड्यांवर पोचली. पुण्याच्या वेशीवर तयार होणारे लष्करी काडतूस पुण्यातल्या वा नांदेडातल्या परवानेदाराला मात्र वर्ज्य होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने .450 व्यासाच्या शिकारी रायफलींवरही हिंदुस्थानात बंदी घातली. त्याच व्यासाच्या लष्करी मार्टिनी-हेन्री अजून बऱ्याच हातांत होत्या. शिकारी काडतुसातली गोळी काढून ती तिच्यासाठी पुन्हा भरतील ही धास्ती होती. या बंदीचा परिणाम असा की विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी हिंदुस्थानच्या बाजारासाठी .470, .465, .475 अशी नवी काडतुसे घडवली. सरकारच्या काडतुसाशी न जुळणे हाच त्यांचा मोठा गुण. .303 च्या जागी परवानेदाराला .315 मिळाले. ते मुळात ऑस्ट्रियाच्या लष्कराचे 8 मिलिमीटरचे काडतूस. इथल्या फौजेत ते नव्हते, म्हणून इथे चालले. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या कारखान्याने .315 ची रायफल काढली आणि रायफलचा परवाना म्हणजे .315 असे समीकरण देशभर रूढ झाले. पोलिसांच्या .410 मस्केटची कथाही याच धाग्यातली. .303 च्या लष्करी रायफलची नळी कोरून गुळगुळीत केली आणि ती पोलिसांना व तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना दिली. 1858 चाच उपाय पुन्हा वापरला गेला. पुढे स्वतंत्र भारताच्या हवालदारांनीही त्या बंदुका वर्षानुवर्षे वागवल्या.

यावर असे म्हणता येईल की मराठवाडा ब्रिटिश मुलुखात नव्हता, निजामाच्या राज्यात होता, आणि हैदराबादच्या अमीर-उमरावांकडे विलायती रायफलींची वाण नव्हती. हे खरे आहे. पण त्या रायफली कोणत्या होत्या? इंग्रजी बंदरांतून आलेल्या आणि इंग्रजी बंदीला वळसा घालायला जन्मलेल्या काडतुसांच्या. उमरावाची निवडही दुसऱ्याने आखलेल्या रेषेच्या आतच होती. शिवाय शिकार आणि लक्ष्यवेध यांत मोठे अंतर आहे. वीस-तीस पावलांवर अंगावर येणाऱ्या वाघाला रोखायला जाड, जड गोळी लागते, आणि ती हातभर इकडेतिकडे न जाता छातीत बसली की काम झाले. नळीच्या पिळावरून रात्री जागवाव्यात असे त्या शिकारीत काही नाही. म्हणून एवढ्या रायफली असूनही त्या राज्यात अचूकतेची विद्या निपजली नाही. गावकुसातल्या माणसाकडे तर फार तर ठासणीची बंदूक असे, रानडुकरांपासून जोंधळा राखायला. पुढे तिची जागा बारा बोअरच्या बंदुकीने घेतली, आणि तिची नळीही गुळगुळीतच.

सप्टेंबर 1948 मध्ये निजामाचे राज्य संपले, मराठवाडा भारतात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. खेळ म्हणून नेमबाजीची देशपातळीवरची घडी याच सुमारास बसली. भारतीय राष्ट्रीय रायफल संघ 1951 चा, आणि त्याचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे सभापती गणेश वासुदेव मावळणकर. राष्ट्रीय स्पर्धेआधीची पात्रता स्पर्धा आजही त्यांच्या नावाने भरते. 1959 चा नवा शस्त्र कायदा 1962 मध्ये अमलात आला. कायदा बदलला, पण एक जुने तत्त्व तसेच राहिले : फौजेचे काडतूस ज्यात चालेल अशी रायफल सामान्य परवानेदाराला नाही. स्वतंत्र देशाने हे तत्त्व ठेवावे का, यावर वाद होऊ शकतो. ज्या प्रदेशाने निजामी राजवटीच्या अखेरीस सशस्त्र रझाकारांचा काळ भोगला आहे, तिथल्या माणसाला बंदुका मोकळ्या सुटल्यावर काय होते ते सांगावे लागत नाही. म्हणून बंधन असावे हे मला मान्य आहे. प्रश्न एवढाच की या बंधनात लक्ष्यवेध करणाऱ्याला काय उरले. त्याला .22 उरले.

1887 मध्ये अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने काढलेले .22 लाँग रायफल हे काडतूस अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठे नाही. शिशाची गोळी 40 ग्रेन, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास. तिचा व्यास साधारण 5.7 मिलिमीटर, लांबी पावणेबारा. ग्रीनहिलच्या सूत्रात हे आकडे घालावेत : 5.7 चा वर्ग साडेबत्तीस, गुणिले 150, भागिले पावणेबारा. उत्तर येते 415 मिलिमीटर, म्हणजे सोळा इंचांहून जरासे जास्त. जगातल्या बहुतेक .22 नळ्यांचा पीळ सोळाचाच आहे. सेकंदाला सव्वातीनशे मीटर वेगाने निघालेली गोळी या नळीतून सेकंदाला आठशे फेरे घेत जाते, आणि 50 मीटरसाठी तेवढे पुरते. याच्या उलट पुरावाही आहे. याच काडतुसात 60 ग्रेनची लांब गोळी बसवलेला एक प्रकार बाजारात आला. सोळाच्या पिळातून ती डळमळते, तिला नवाच्या आसपासचा पीळ लागतो. गोळी बदलली की नळी बदलावी लागते, उलट होत नाही. नांदेडच्या उन्हाचाही इथे संबंध येतो. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की हवा शून्य अंशाच्या मानाने चौदा टक्के विरळ होते आणि गोळीला तोल सांभाळणे सोपे जाते. अमेरिकी फौजेला नेमका उलटा अनुभव आला होता. एम-16 चा मूळचा चौदाचा पीळ आर्क्टिकच्या गोठलेल्या, दाट हवेत अपुरा ठरला आणि 1963 मध्ये तो बाराचा करावा लागला. तापलेल्या हवेत ध्वनीचा वेगही साडेतीनशे मीटरच्या पुढे जातो. त्यामुळे सव्वातीनशेच्या वेगाचे लक्ष्यवेधी काडतूस ध्वनीच्या उंबरठ्यापासून बरेच अलीकडे राहते. 380 च्या वेगाचे जोरदार काडतूस 50 मीटरच्या आतच तो उंबरठा उलटा ओलांडते आणि तिथेच गोळी बिचकते. मराठवाड्यात जो .22 घेऊन बसेल त्याने जोरदार काडतुसाच्या मोहात पडू नये.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यांत वजनदार आक्षेप असा : ही नाइलाजाची गोष्ट तुम्ही गुणाची म्हणून सांगता, मेजावरच्या नेमबाजीत जग केव्हाच पुढे गेले आहे आणि .22 हे नवशिक्याचे काडतूस आहे. यातला पहिला भाग मी नाकारत नाही. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर हा खेळ संघटित झाला, आणि 1970 च्या दशकात लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी एका रशियन काडतुसाचा आकार बदलून 6 पीपीसी घडवले. शंभर यार्डांवर त्याच्या तोडीचे काडतूस अजून झालेले नाही. पण त्याच्या नळीचा पीळ पाहा : साडेतेरा किंवा चौदा, 68 ग्रेनच्या आखूड गोळीला पुरेल एवढाच. जास्त फिरकी दिली की गोळीच्या घडणीतला बारीकसा असमतोलही वाढून दिसतो, म्हणून हे लोक लागेल तेवढाच पीळ घेतात. सगळा खटाटोप करून ते पोचले ते लहान काडतूस, आखूड गोळी आणि मंद पीळ या ठिकाणी. .22 त्याच ठिकाणी 1887 पासून आहे. दुसरा भाग तर साफ चुकीचा. 50 मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ 10.4 मिलिमीटरचे असते आणि वाऱ्यात ही मंद गोळी सहज ढळते. तिथे दहा मिळवणे सोपे नाही. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये 600 पैकी 597 गुण घेऊन विश्वविजेती झाली आणि स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचे कांस्य घेतले, ते याच काडतुसावर.

दोघेही कोल्हापूरचे, मराठवाड्याचे कुठे, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे. पुण्यातल्या बालेवाडीची रेंज 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी झाली. नांदेडहून ती साडेचारशे किलोमीटरवर आहे, आणि मुंबईतली वरळीची रेंज त्याहून लांब. अंतराचा हा अन्याय काडतुसाच्या निवडीने भरून निघत नाही. त्यातल्या त्यात दहा मीटरच्या छर्ऱ्याच्या रायफलला एक लांबट खोली पुरते, म्हणून लहान गावांत नेमबाजी आधी याच रूपात पोचते. लोहा तालुक्यातल्या माळेगावसारख्या जत्रांतून फुग्यांच्या फळीसमोर कोपरे टेकून छर्ऱ्याची बंदूक रोखणारी पोरे पाहिली की कळते, हात स्थिर करून मारायची ओढ इथे आधीपासून आहे. छर्ऱ्याची कंबर आवळलेली आणि मागचा घेर पोकळ असतो, त्यामुळे हवेच्या ओढीनेच तो बराचसा सरळ जातो. पीळ सोळा-सतरा इंचांचा असला की झाले.

ज्याच्याकडे .22 आहे आणि रेंजवर जागा आहे, त्याच्या हाती शेवटी एक निवड खरोखर उरते. ती काडतुसाच्या लॉटची. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे, त्याच किमतीचे दोन लॉट एकाच नळीतून सारखे जात नाहीत. बुडाच्या कडेतला पेटता मसाला, दारूचे माप, गोळीवरचे मेण, प्रत्येक लॉटमध्ये काही ना काही केसभर बदलते. म्हणून जाणते नेमबाज रायफल टेकूवर आवळतात, 50 मीटरवर प्रत्येक लॉटच्या दहा-दहा गोळ्या कागदावर घेतात, लॉट बदलला की नळी पुसतात आणि नव्या मेणाचा थर बसेपर्यंत आधी काही गोळ्या वाया घालवतात. मग भोकांचा घेर मोजतात आणि ज्या लॉटचा घेर सर्वांत आवळ आला त्याच्या पेट्या वर्षभरासाठी एकदम उचलतात. आयातीच्या वाटेने मोजकीच काडतुसे हाती येणाऱ्या आपल्या नेमबाजाला दहा लॉट समोर मांडून निवडायची चैन परवडत नाही. दोन लॉट मिळाले तरी त्याने दोन्ही मारून पाहावेत आणि कागदांवर तारीख, पारा आणि लॉटचा आकडा लिहून ते जपून ठेवावेत.